गच्चीवरचे अकरा फीड

छावणी, औरंगाबाद
२ मार्च २०१३

अंगददादा,

तू माझा फोन उचलत नाहीस. ज्ञानेश्वरी वहिनीला केला तर ती "बरं हाय सगळं" म्हणते आणि दूध उतू चाललंय म्हणून ठेवून देते. दिवसातून चार वेळा उतू जाण्याइतकं दूध या दुष्काळात तुमच्याकडे येतं कुठून, ते मात्र ती सांगत नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्राला दूध उतू गेल्याचं कारण सांगता येत नाही.

कामाचंच लिहिते. आपली केबलची कंट्रोल रूम बंद होते आहे. एकतीस तारखेपासून शहरात सेट टॉप बॉक्स नसेल तर टीव्ही दिसणार नाही. सिग्नल आता कंपनीच्या वायरीतून येणार. मी कंपनीची एजंट झाले आहे, पोट चालेल. पण आपल्या डिशा आता पापड वाळवण्यापुरत्या उरल्या. त्यात घरमालकाला गच्ची रिकामी हवी आहे. भाडेकरू दुप्पट झालेत, नळाला चार दिवसांआड पाणी, तेव्हा त्याला तिथे टाक्यांची रांग मांडायची आहे. मे महिन्याच्या शेवटापर्यंत सगळं उतरवायचं.

भंगारवाला येऊन गेला. गच्चीवर फिरला, मोठ्या डिशला दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "दीदी, सब किलो के भाव में दे दो, झंझट खतम." मी त्याला जिना दाखवला. बारा वर्षं ज्यावर आपलं घर चाललं ते मी किलोवर घालणार नाही. एकेक वस्तू आपल्या डिशवाल्यांनाच विकणार, जे लावतील, फिरवतील, कुठल्या तरी परक्या देशाचं चॅनेल पकडून वहीत लिहून ठेवतील. हे ठरलेलं आहे.

पत्र्याच्या खोलीत अकरा फीड निघाले. आबा अजून त्यांना कानच म्हणतात. डिश म्हणजे परात, आणि आभाळातून परातीत पडेल ते ऐकणारा हा तिच्यापुढचा कान. आबा मेंढरांना लावतात तसे तू प्रत्येकावर रंगाचे पट्टे ओढून ठेवले आहेस. लाल, निळे, काळे. लाल म्हणजे चांगला, असं तू म्हणायचास. बाकीच्या दोन रंगांचा अर्थ मला माहीत नाही. आणि एका लाल पट्ट्याच्या फीडनं दोन वर्षांपूर्वी काय केलं, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

चांगला फीड तू पैठणच्या पुंजाराम गुरुजींना विकलास आणि आपल्या डिशला टाकाऊ लावलास, हे मी तेव्हा सगळ्या गल्लीदेखत म्हणाले. चोर म्हणाले. माझं मत आजही बदललेलं नाही. पण ते उकरायला हे पत्र नाही. रंगांचा अर्थ तेवढा कळव.

मंजुषा


छावणी
२४ मार्च २०१३

अंगददादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

विक्री मात्र सुरू झाली. वैजापूरचे तात्यासाहेब सगळ्यांत आधी आले. पोस्टातून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण पाकिटाचा वास अजून जात नाही म्हणतात. मग जालन्याचा फकिरा टेलर आला. दोघांनी आपली जुनी रीत लावून धरली: विकणाऱ्यानं आधी स्वतःच्या डिशवर लावून दाखवायचं, मग घेणाऱ्यानं हातात घ्यायचं. शब्दावर माल नाही. मी म्हटलं, "फकिरा, तुम्ही कापड घेताना दुकानदाराला शर्ट शिवून दाखवायला लावता का?" तो म्हणाला, "कापड डोळ्याला दिसतं, ताई. सिग्नल दिसतो का?"

मग काय, शिडी लावली आणि भर उन्हात एकेक फीड बारा फुटी डिशवर चढवला. खाली टीव्हीसमोर तात्यासाहेब सिग्नलची पट्टी बघायला बसले. "वर! अजून वर! थांबा, आलं!" करून त्यांनी गच्ची डोक्यावर घेतली.

रंगांचा अर्थ आम्ही असाच शोधून काढला. निळे पट्टे छोट्या डिशच्या फीडवर आहेत. काळे पट्टे मेलेल्यांवर. लाल पट्ट्यांचे सहा होते. पाच लावले, पाचही सुरेख चालले. तुझा एक पट्टाही खोटा निघाला नाही.

सहावा लाल अजून पोत्यातच आहे. तो कोणता ते तुला माहीत आहे. मी अजून त्याला हात लावलेला नाही. पण आता लावावा लागेल, कारण पाच खरे निघाल्यावर सहाव्यानंच खोटं का बोलावं, हे मला कळेनासं झालं आहे.

तात्यासाहेबांनी निघताना तुझी चौकशी केली. म्हणाले, "अंगद सध्या काय करतोय?" मी सांगितलं, शेंद्र्याला कंपनीत स्टोअरला आहे. "डिश लावली का तिकडं?" म्हणाले. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

मंजुषा


छावणी
९ एप्रिल २०१३

दादा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

मी चुकले. तू चोरी केली नव्हतीस.

तो फीड मी पोत्यातून काढला. त्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण उन्हानं तडकलं होतं, हरभरा जाईल एवढं भोक. पुसायला म्हणून दोन स्क्रू फिरवून झाकण काढलं, तर आत नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. चांगल्या चार खोल्या, घट्ट लिंपलेल्या. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी तिथेच गच्चीवर बसले. ऊन डोक्यावर आलं तरी उठवेना.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला लिहून काढू दे. वर्ल्ड कपच्या फायनलच्या आधी तीन दिवसांपासून चित्राचे चौकोन पडत होते. तू म्हणालास, वर चढून बघतो. मी म्हणाले, आधी नवी कनेक्शनं जोड, डिश कुठे पळून जात नाही. म्हणजे तू बघायला निघाला होतास आणि मी तुला थांबवलं. ती माशी तेव्हा आत बांधकाम करत होती, माती ओली होती. आणि माती तिला मिळाली कुठून? आपल्या गच्चीवरच्या टाकीच्या गळक्या नळाखालून. तो नळ बदलायचं काम माझ्याकडे होतं.

मॅचच्या दिवशी आपली बॅटिंग सुरू झाली आणि पडदा काळा पडला. दहा मिनिटांत दारात शंभर माणूस. शेजारच्या केबलवाल्याकडून फीड मागून आणला, लावला, आणि चित्र आलं. झालं, मला पुरावा मिळाला. दुसरा लावल्यावर चालतं, म्हणजे पहिला टाकाऊ. आणि पहिला टाकाऊ, म्हणजे चांगला तू आठ दिवसांपूर्वी पुंजाराम गुरुजींना दिलास. उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक माझ्यावर ओरडत होते, मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू जवळ उभा होतास.

तू एवढंच म्हणालास, "मंजू, खोलून तरी बघ."

दोन वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यात आहे. तेव्हा मला ते चोराच्या उलट्या बोंबा वाटलं. दोन स्क्रू होते, दादा. दोन स्क्रू काढायला दोन मिनिटं लागली असती. मी फीड पोत्यात टाकला आणि पोत्याचं तोंड बांधलं.

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. आपले डिशवाले बाकी सगळं माफ करतात, पण खोटा माल देणाऱ्याला उभं करत नाहीत. त्यांनी तुझ्याकडून घेणं बंद केलं, तुला बोलावणं बंद केलं. आभाळातला कुठला कोपरा कुणी आधी पकडला म्हणून ज्याचं नाव सगळे घ्यायचे, त्याचं नाव कुणी घेईना. ते तुझं होतं आणि मी ते घालवलं. मला फार लाज वाटते. याहून चांगला शब्द मला सापडला नाही.

नुसतं पत्रात लिहून भागणार नाही हे मला कळतं. गल्लीदेखत बोलले, तर गल्लीदेखतच परत घेईन. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, उरलेल्या मालासाठी सगळ्या डिशवाल्यांना गच्चीवर बोलावलं आहे. तू ये असं म्हणण्याचा मला हक्क नाही. तरी कळवते.

मातीचं घर मी काढलेलं नाही. जसं होतं तसं ठेवलं आहे.

मंजू


छावणी
२८ एप्रिल २०१३

दादा,

तू आला नाहीस. मी दोन वेळा जिन्याकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडलं, कारण काम पुढे होतं.

एकोणीस जण आले. पुंजाराम गुरुजीही आले, मी त्यांना मुद्दाम दोनदा फोन केला होता. पन्ह्याचे पेले हातात देऊन झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं, "दोन वर्षांपूर्वी मी माझ्या भावाला चोर म्हणाले. ते खोटं होतं."

तात्यासाहेबांना माझी दया आली असावी. "झालं गेलं गंगेला मिळालं, ताई. कशाला आता..." असं म्हणायला लागले. मी म्हटलं, "तात्यासाहेब, गंगेलाच पाणी नाही यंदा. बसा. शब्दावर माल नाही ही तुमचीच रीत ना? मग माझ्या शब्दावर तुम्ही त्याला चोर कसं धरलंत? तेव्हा कुणी म्हणालं नाही, दाखव म्हणून. आज मी दाखवते."

आणि दाखवलं. तो फीड, आतल्या घरासकट, मोठ्या डिशवर चढवला. माती वाळलेली, त्यामुळे सिग्नलची पट्टी अर्ध्यावर लटकत राहिली, चित्र फुटत होतं. फकिरा म्हणाला, "तवा माती ओली व्हती. ओली करा." म्हणून तांब्यातलं पाणी कापडाच्या बोळ्यानं झाकणाच्या भोकातून आत ठिबकवलं. पट्टी पार खाली बसली, पडदा काळा. मग फीड खाली घेतला, सगळ्यांच्या मधोमध बसून दोन स्क्रू काढले आणि ते घर टोकरून वर्तमानपत्रावर पाडलं. फडक्यानं आत कोरडं केलं आणि तोच फीड परत चढवला. पट्टी अशी चढली की तात्यासाहेबांना "वर, अजून वर" म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

मग पुंजाराम गुरुजी म्हणाले, "अंगदनं मला दिलेला फीड जुना, बिनपट्ट्याचा होता. तुमच्या डिशवरचा नव्हताच. मी त्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं तुम्हाला, मंजुषाताई. तुम्ही म्हणालात, चोराला साक्षीदार चोरच."

व्हय, म्हणाले होते. ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. जे विसरायचं असतं ते मी फार नीट विसरते.

मी गुरुजींची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण पन्हं अर्धं तसंच ठेवलं. त्यांचाही राग खरा आहे, दोन वर्षं तेही चोरीच्या मालाचे गिऱ्हाईक ठरले होते. निघताना मात्र तेच म्हणाले, "उरलेलं काही घ्यायचं तर अंगदच्या हातून घेऊ." फकिरा म्हणाला, व्हय. मग सगळेच म्हणाले.

तेव्हा तीन फीड मी बाजूला ठेवलेत. आणि तो लाल पट्ट्याचा विकायचा नाही, तो तुझा आहे. माझं काम मी पुरं केलं आहे. आता तुझ्या मनाला येईल तसं कर.

मंजू


छावणी
१० मे २०१३

दादा,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेले तीन शब्द. "आबांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. एकोणीस माणसांसमोर उभी राहिले, गुरुजींसमोर मान खाली घातली, मागच्या पत्रात "माझं काम पुरं केलं" असं ऐटीत लिहिलं, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायचं त्याच्याकडे गेलेच नव्हते. स्वतःला कारण देत होते की आबा मेंढरं घेऊन फिरतीवर आहेत, कुठे शोधायचं. फोन आहे त्यांच्याकडे. मी भीत होते. माझं ऐकून त्यांनी तुला चोर मानलं असेल, तर ते मला काय म्हणतील, याची भीती.

काल सकाळच्या एसटीनं कायगावला गेले. जायकवाडीचा फुगवटा आटत पार मागे सरकलाय. जिथे आपण लहानपणी होडी बघायला थांबायचो तिथे आता भेगा पडल्यात, आणि त्याच्याही पुढे जिथे थोडं हिरवं आहे तिथे सगळ्यांचे कळप उतरलेत. दोन तास चालले. लांबून ओळखलं ते आपल्या डिशमुळे. मागच्या वर्षी मी त्यांना फायबरची चार फुटी डिश दिली होती, ती जमिनीवर उताणी ठेवून तिच्यात पाणी ओतलेलं आणि भोवती मेंढरं तोंडं खुपसून उभी.

आबा वाळलेत. मला पाहून म्हणाले, "एवढ्या उन्हाचं कामून आलीस माय? पानी पी आधी." पाणी प्यायले आणि बसण्याआधीच सांगून टाकलं. माशी, माती, झाकण, दोन स्क्रू, सगळं. आबा एका मेंढीच्या पायातला काटा काढत होते. काटा काढून त्यांनी मेंढी सोडून दिली.

मग म्हणाले, "त्यानं चोरी केली नाय, मला ठावं व्हतं."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"तवापासून."

"त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"म्या इचारलंच नाय. लेकराला तसलं इचारायचं असतं व्हय?"

दादा, मला आधी हलकं वाटलं आणि मग असा संताप आला की मेंढरं बाजूला झाली. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात? मला एक शब्द बोलला नाहीत? त्याला तरी सांगितलंत, की बाबा, मी तुला चोर मानत नाही?"

"नाय."

"कामून?"

आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "तुह्यावर धंदा व्हता. शंभर मान्सात तू एक बोलून बसली व्हतीस. म्या तुला खोटी पाडली आसती तर तू मोडली आसतीस. मला वाटलं, तो सोशीक हाय. तो सोसंल."

मी आबांना आजवर उलट बोलले नव्हते. काल बोलले. "सोसतो म्हणून त्याच्यावरच टाकायचं का, आबा? दोन वर्षं तो समजतोय की बापानंही त्याला चोर ठरवलं. माझ्यापेक्षा ते जास्त लागलं असेल त्याला. कार्डावर त्यानं माझं नाव लिहिलं नाही, स्वतःचं लिहिलं नाही, फक्त तुमचं लिहिलं." आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिले, आणखी काही लिहिलंय का म्हणून.

आबांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. आवाज नव्हता, नुसतं पाणी.

मग उठले आणि काकासाहेब चुलत्यांना हाक मारली. "माझा कळप बघशील का?" काकासाहेब बघतच राहिले. मे महिना, पाण्याचा ठिकाणा नाही, रोज एखादं जनावर बसतंय, आणि आबा मेंढरं दुसऱ्याच्या हातात देतायत. तुझ्या लग्नात ते हळदीला पोचले नव्हते, आठवतं? आईच्या दहाव्यालाही दुपारी कळपाकडे परत गेले होते. काल त्यांनी काठीसुद्धा काकासाहेबांच्याच हातात दिली आणि मला म्हणाले, "चल."

आता आबा बाहेर ओट्यावर आंघोळ करतायत. नळाला आज पाणी नाही, बादलीभर पाण्यात उरकतील. मी म्हटलं, दादाला आधी कळवू, पत्र टाकू. म्हणाले, "पत्रं बास झाली. पहिला म्या बोलणार. तू मागं उभी ऱ्हा." उभी राहीन. तू त्यांना काय बोलशील ते बोल, मला काय बोलशील तेही बोल. तुला जमणार नसेल तर नको बोलूस. आम्ही माफी मागायला येतोय, ती द्यायची की नाही हे सर्वस्वी तुझं.

तेव्हा हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, सोबत घेऊन निघते आहे. दार उघडलंस तर याची गरज पडणार नाही, फाडून टाकीन. नाही उघडलंस तर दाराखालून आत सरकवीन.

म्हणजे हे तू वाचत असशील, तर दार अजून लागलेलं आहे आणि आम्ही दोघं बाहेर बसलो आहोत. घाई नाही. मेंढरांची सोय लावून आलो आहोत. आबांना तेवढं पाणी पाठव.

मंजू